ब्लेंडाच्या शेपटीचा एक केस

आमच्या दाल्बी गावात अशी बोलवा आहे की गुन्वोर आत्यानं एका घोडीची अख्खी शेपटी कापून नेली, प्रयोगशाळेत उकळली आणि त्या काढ्यातून डांग्या खोकल्यावरचं औषध शोधून काढलं. किराणा दुकानात गल्ल्यावर बसणारी बाई तर हे सांगताना आवाज खाली नेते आणि भुवया वर. "अख्खी शेपटी गं! बुडापासून!"

आता खरं काय ते ऐका. घोडी आमची आहे, तिचं नाव ब्लेंडा. शेपटी जागच्या जागी आहे आणि मागे उभं राहिलं की माझ्या थोबाडावर बसते. आत्यानं नेला तो एक केस. तोही विचारून, आणि बदल्यात गाजर देऊन. उकळलं कुणी काही नाही. औषधही सापडलेलं नाही. आत्याला सापडलं ते एक दार. म्हणजे दाराचं रूप. पण शेपटीच्या काढ्यापेक्षा ती गोष्ट कितीतरी भारी आहे, म्हणून सांगते.

गुन्वोर आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. बिटाच्या शेतावर वाढलेली, त्यामुळे हात फावड्यासारखे. ते फावड्यासारखे हात घेऊन ती दिवसभर टाचणीच्या टोकावर मावतील एवढे थेंब हाताळते. बोलते अगदी आमच्या दक्षिणेकडच्या लोकांसारखी, सावकाश, प्रत्येक 'र' घशात गुळणी करून बाहेर सोडत. आणि तिची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "फारसं वाईट नाही." माझा जन्म झाला तेव्हा दवाखान्यात मला हातात घेऊन ती हेच म्हणाली होती. बाबा अजून सांगतात.

प्रयोगशाळेतल्या तिच्या गटाचा प्रमुख टोरकेल. हा उत्तरेचा, उमेओच्याही वरचा. तिकडे 'हो' म्हणायला बोलावं लागत नाही. ओठांचा चंबू करायचा आणि हवा झटकन आत ओढायची, "श्शुप्". झालं, 'हो' म्हणून झालं. नव्यानं आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना वाटतं माणसाला दम्याचा त्रास आहे. एकीनं तर धावत जाऊन पाणी आणलं होतं. आणि आत्याच्या शेजारच्या टेबलावर माल्टे. तो टोमणा मारायच्या आधी स्वतःच हसून घेतो, "ह्ये ह्ये", म्हणजे समोरच्याला तयारीला वेळ मिळतो.

या तिघांचे आवाज मला काढता येतात. सगळ्यांचेच येतात. आत्याला मात्र नकला-बिकला आवडत नाहीत असं मला वाटायचं. तिला आवाज काढताना मी एकदाच ऐकलं, जेवणाच्या टेबलावर. बाबा तान्हे असताना त्यांना डांग्या खोकला झाला होता. त्या वर्षांत इकडे त्याची लस द्यायची थांबवलेली होती, आणि आसपासच्या शेतांवरची पोरं एकामागून एक खोकत होती. आत्या तेव्हा शाळेत जाणारी. पाळण्याशी बसून असायची. मी विचारलं, "कसा असतो गं तो खोकला?" तिनं काटा खाली ठेवला आणि काढून दाखवला. खोकला, खोकला, खोकला, मध्ये श्वासाला फटच नाही, आणि शेवटी हवा आत ओढताना तो लांब, चिरका, कोंबड्यासारखा आवाज. बाबा उठून बागेत निघून गेले. मी जगातले सगळे आवाज काढते, तो एक काढत नाही.

तर त्या खोकल्याच्या जंतूभोवती एक पातळ चरबट पडदा असतो, आणि त्या पडद्यात एक प्रथिन बसलेलं असतं. दार आणि दारवान दोन्ही तेच. औषध आत शिरलं की त्याची मान धरायची आणि बाहेर फेकायचं, हे त्याचं काम. त्याची बिजागरी कुठे आहे ते दिसलं, तर तिच्यात काय अडकवायचं याचा कुणीतरी विचार करू शकेल. आत्याला ती बिजागरी बघायची होती. बस्स, एवढंच हवं होतं तिला, आणि ते तिला माझ्या जन्माच्या आधीपासून हवं होतं.

पण ते दार सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. त्यासाठी त्या प्रथिनाच्या असंख्य प्रती शाळेच्या प्रार्थनेला उभ्या करतात तशा ओळीनं उभ्या कराव्या लागतात. सगळ्यांची तोंडं एकीकडे. त्याला स्फटिक म्हणायचं. मग त्यावर क्ष-किरण मारायचे, पलीकडे ठिपके उमटतात, आणि ठिपक्यांवरून आकार काढायचा. ऐकायला सोपं आहे. गोम अशी की हे प्रथिन चरबीत राहणारं. पाण्यात आणलं की गोळा होऊन बसतं, म्हणून त्याला साबण लावून ठेवावं लागतं. आता साबण लावलेली पोरं प्रार्थनेला ओळीत उभी करून बघा! आत्या वर्षानुवर्षं हेच करत होती. थेंबांच्या खोलीत दार आपटलं की तिची नजर अशी यायची की टोरकेलसुद्धा बूट काढून नुसत्या मोज्यांवर चालायचा. थेंब ती कॉफीच्या आधी बघायची, कॉफीनं हात थरथरतो म्हणून. कॉफी मात्र कधी चुकवली नाही. चुकवली असती तर लोकांनी पोलिसांना बोलावलं असतं.

आणि एकदा स्फटिक आले. चपटे, षटकोनी, काचेसारखे लखलखीत. क्ष-किरणांत ठिपके आले. आमच्याकडे ज्याचं चांगलं झालं त्यानंच केक आणायचा असतो. आत्यानं आणला. हिरव्या मर्झिपानचा, म्हणजे बदाम-साखरेच्या पातळ पोळीत गुंडाळलेला, वर गुलाबी गुलाब. सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला, आत्यानं मुद्दाम बोलावलं होतं.

मग ठिपक्यांवरून आकार काही निघेना. आज नाही उद्या करत उन्हाळा संपला. शेवटी माल्टेनं स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकटीची मापं जुन्या नोंदींशी ताडून बघितली. "ह्ये ह्ये. गुन्वोर, तुझा पाहुणा ओळखीचा निघाला."

झालं होतं असं. डांग्या खोकल्याच्या जंतूकडून प्रथिन पुरेसं मिळत नाही, म्हणून ते कोली नावाच्या आतड्यातल्या पाळीव जंतूकडून बनवून घेतात. प्रथिनाला एक चिकट शेपूट जोडलेलं असतं. ते निकेलला चिकटतं, बाकीचा गाळ धुऊन जातो. पण कोलीच्या स्वतःच्या पडद्यातही एक दारवान असतो, आणि त्याच्या अंगाला जन्मतःच चिकट डाग असतो. तोही न बोलावता निकेलला लटकतो. वर त्याला ओळीत उभं राहायची भलती हौस. चिमूटभर असला तरी स्फटिक त्याचेच होतात. ही फजिती फक्त या लोकांच्याच नशिबी असते. महिनोन्महिने नवरदेवाला सजवायचं, आणि बोहल्यावर बघावं तर मांडववाला उभा!

टोरकेल संगणकाच्या पडद्याकडे बघत बसला. त्यानं श्वास आत ओढला नाही, बाहेरही सोडला नाही. आत्या म्हणाली, "केक मात्र चांगला होता."

त्या दिवसापासून माल्टे तिला 'कोली-गुन्वोर' म्हणायला लागला. आणि मी नाताळात सगळ्या नातेवाइकांसमोर 'गुन्वोर आणि केक' हा प्रयोग केला, गुळणीच्या 'र'सकट. लोक हसून खुर्चीवरून घसरले. आत्याही हसली. मग मला भांड्यांपाशी गाठून म्हणाली, "छान करतेस. परत नको करू, यिल्वा."

वसंतात टोरकेलनं तिला खोलीत बोलावलं. हे आत्यानं आमच्या घरी येऊन सांगितलं, म्हणजे टोरकेलचा भाग मी मनातल्या मनात त्याच्या आवाजात ऐकला. "गुन्वोर, कड्यावर अजून एकदा जागा मिळाली आहे." कडं म्हणजे शहराबाहेर शेतात बसलेली ती प्रचंड गोल इमारत, जिथे क्ष-किरण मिळतात. "या वेळी तुझं दार दिसलं नाही, तर ते कायमचं गोठणपेटीत जाईल. आणि तू माल्टेच्या कामात."

"माल्टेच्या?" आत्यानं विचारलं.

"श्शुप्."

आमच्या स्वयंपाकघरात आत्यानं ही गोष्ट सांगितली आणि बाबांना म्हणाली, "होकान, त्या 'ह्ये ह्ये'च्या हाताखाली मी निवृत्त होणार नाही. आधी मी बीट पेरीन."

तिनं शेपूट बदललं. निकेलला चिकटणारं काढून दुसऱ्याच गोष्टीला चिकटणारं लावलं, आणि धुणं तर असं सुरू केलं की प्रथिनाचीच कीव यावी. आता घुसखोर दिसेना. पण स्फटिकही दिसेनात. थेंबात नुसता रवा. बारीक, बिनकामाचा रवा.

अशा वेळी हे लोक एक गंमत करतात. तो रवा चेचायचा, त्यात एखादा केस बुडवायचा आणि त्या केसानं नव्या थेंबावर एक रेघ ओढायची. रव्याचे अदृश्य कण रेघेवर पडतात आणि नशीब असेल तर त्यांच्याभोवती मोठे स्फटिक धरतात. विरजण लावावं तसं. केस कुणाचा, यावर मात्र भांडणं असतात. माल्टे त्याच्या मांजराच्या गळून पडलेल्या मिशा डबीत जपून ठेवतो. त्यानं उदार होऊन एक देऊ केली.

"मांजराची मिशी?" आत्या म्हणाली. "मांजर कधी कुणाचं ऐकतं का?"

आणि ती तबेल्यात आली. मी ब्लेंडाचे खूर साफ करत होते.

"एक केस हवाय," आत्या म्हणाली. "लांब, सरळ, टोकाशी बारीक."

"शेपटीचा ना? तिलाच विचार."

तिनं खरंच विचारलं! ब्लेंडाच्या कानाशी जाऊन, गुळणी करत. "तुझा एक केस दिलास तर उपकार होतील. नाही दिलास तरी गाजर तुझंच." ब्लेंडानं गाजर खाल्लं आणि केसाच्या वेळी नुसती कातडी थरथरवली. आत्यानं केस उजेडात धरून बोटांतून फिरवला. "फारसं वाईट नाही," ती म्हणाली. ब्लेंडाला एवढी मोठी शाबासकी आजवर मिळालेली नव्हती.

रेघेवर स्फटिक धरले. मण्यांच्या माळेसारखे, रेघभर. आत्यानं तबेल्यात येऊन मोबाइलवर फोटो दाखवला आणि माझं तोंड उघडंच राहिलं. चपटे, षटकोनी, काचेसारखे लखलखीत.

"आत्या, हा तर तोच आहे," मी म्हटलं.

"माल्टेही तेच म्हणतो. टोरकेल काहीच म्हणत नाही, म्हणजे तोही तेच म्हणतो."

"आणि तू?"

"मी म्हणते, षटकोनी असणं हा काही गुन्हा नाही."

"पैज!" मी म्हटलं. "परत कोलीच निघाला, तर 'गुन्वोर आणि केक' वरची बंदी उठव. दर वर्षी करणार."

आत्यानं फोन खिशात टाकला. "आणि माझं दार निघालं, तर केक तू करायचा. आणायचा नाही, स्वतः करायचा, मर्झिपान लाटून. आणि पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या चुऱ्यापर्यंत तुझं तोंड फक्त खायला उघडायचं. एक शब्द नाही. एक नक्कल नाही."

"मंजूर," मी म्हटलं. मला वाटलं, फुकटात जिंकले.

कड्यावरची वेळ ते देतील ती घ्यायची असते, आणि त्यांनी दिली नेमकी ऑगस्टमधल्या आमच्या शेवंडांच्या मेजवानीची दुपार. बाबा म्हणाले, मेजवानी पुढे ढकलू. आत्या म्हणाली, "शेवंडांनी काय घोडं मारलंय? त्यांना इकडेच बोलवा." हल्ली तिकडे जावं लागत नाही. गोठवलेले स्फटिक आधीच पोचलेले असतात, यंत्राचा हात ते एकेक उचलून किरणांसमोर धरतो, आणि इथे लॅपटॉपवर सगळं दिसतं. म्हणून आमच्या बागेत, शेपूच्या फुलांत उकडलेल्या लालभडक चिमुकल्या शेवंडांच्या परातीशेजारी, लॅपटॉप मांडला गेला. टोरकेल आला, माल्टे आला. मेजवानीचा नियम तो नियम, सगळ्यांच्या डोक्यावर कागदी टोकदार टोप्या आणि गळ्यात लाळेरी. टोरकेलच्या टोपीवर हसरा चंद्र होता. त्याखाली त्याचा चेहरा सुतकी.

पहिल्या स्फटिकाचे ठिपके शाईवर पाणी सांडल्यासारखे आले. त्यानंतरचा तडकलेला निघाला. आत्या शेवंडाची नांगी चोखत होती, पण तिच्यात काही उरलेलं नव्हतं, मला दिसत होतं. बाबांनी स्नॅप्सची कडक दारू ओतली. घोटाआधी गाणं म्हणायचं असतं, ते कुणीच सुरू करेना.

"ह्ये ह्ये," माल्टे म्हणाला, "मांजराची मिशी अजून डबीत आहे बरं का."

"डबीतच राहू दे," आत्या म्हणाली. "पुढचा."

पुढच्याचे ठिपके आले आणि ते येतच राहिले, कडेपर्यंत, सुईच्या टोकांसारखे. टोरकेल पुढे वाकला. चौकटीची मापं पडद्यावर आली. घुसखोराची मापं या लोकांना स्वतःच्या घरच्या पत्त्यासारखी पाठ आहेत. ही ती नव्हती!

मी बाकावर बसल्या बसल्या थोडी खाली घसरले.

"चोराला भाऊ असतात," माल्टे म्हणाला, पण या वेळी तो आधी हसला नाही.

"असतात," आत्या म्हणाली. "म्हणून ऐका. आकाराचा जो अंदाज आपण संगणकाला देणार आहोत, त्यातून बिजागरीजवळचा एक तुकडा मी मुद्दाम काढून टाकला आहे. मोठा आहे, दोन कडी जोडल्यासारखा. फक्त माझ्या प्रथिनाला तिथे तो असतो. ठिपक्यांनी तिथे आपणहून फुगवटा दाखवला तर मानायचं. नाही दाखवला तर मी सोमवारपासून माल्टेची."

मग संगणकाचा हिशेब चालू राहिला आणि आम्ही शेवंड सोलत राहिलो. कुणाला चव लागत होती कुणास ठाऊक. बाबा एकदाही पडद्याकडे बघत नव्हते. ते आत्याकडे बघत होते.

पडद्यावर निळी जाळी आली, म्हणजे ठिपक्यांवरून निघालेला आकार. नुसतं दोऱ्यांचं गुंताड दिसतं ते, पण टोरकेल त्यात माशासारखा शिरला. फिरव, जवळ ने, फिरव. अंदाजाच्या पिवळ्या काड्या जाळीत बसत होत्या. मग तो बिजागरीपाशी आला, जिथे आत्यानं रिकामी जागा सोडली होती. काडी तिथे संपत होती. आणि तिच्यापुढे, मोकळ्या जागेत, कुणी न सांगता, निळ्या जाळीचा एक गुबगुबीत फुगवटा लटकत होता. दोन कडी जोडल्यासारखा.

एक गांधीलमाशी टरफलांवर फिरत होती. टोरकेलची चंद्राची टोपी हळूहळू कानावर कलली. त्याच्या ओठांचा चंबू झाला. आम्ही सगळे त्या चंबूकडे बघत होतो.

"श्शुप्."

मी आजवर ऐकलेला सगळ्यात मोठा 'हो'! शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं, कारण माल्टे किंचाळत होता, हो, माल्टे! त्यानं आत्याला टोपीसकट उचलायचा प्रयत्न केला, पण ती बिटाच्या शेतावर वाढलेली, जागची हलली नाही. टोरकेल सारखा "श्शुप्, श्शुप्, श्शुप्" करत होता, त्याला खरंच पाणी द्यावं लागलं. आत्या मात्र पडद्याशी नाक नेऊन त्या फुगवट्याकडे बघत राहिली. मग सरळ झाली, लाळेऱ्याला हात पुसले आणि म्हणाली, "फारसं..." मग बाकावर चढली आणि ते स्नॅप्सचं गाणं तिनं असं सोडलं की 'र' पार गावच्या चर्चपर्यंत गुळण्या करत गेले.

गाणं संपल्यावर बाबा जवळ आले. "हेच का ते दार?"

"हेच."

"बंद कसं करायचं?"

"ते कुणीतरी बघेल. आधी बिजागरी कुठे आहे ते तर कळलं, होकान."

बाबांनी मान हलवली, ग्लास एका दमात रिकामा केला आणि त्यांना जोरात ठसका लागला. आत्यानं त्यांच्या पाठीवर फावड्यासारखा हात मारला. दोघं हसत सुटली.

आणि मग सगळे माझ्याकडे वळले, कारण पैजेची बातमी आत्यानं सगळ्यांना देऊन ठेवली होती.

केक मी केला. तो डावीकडे कलला होता, मर्झिपान तळ्यातल्या शेवाळासारखं झालं होतं आणि गुलाब कोबीसारखा. प्रयोगशाळेच्या कॉफीच्या खोलीत मी तो मांडला आणि गप्प बसले. शब्द दिला होता. माल्टेनं तोंडभरून 'ह्ये ह्ये' केलं, माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, मी ते केकबरोबर गिळलं. टोरकेलनं श्वास आत ओढला, मी टेबलाची कड घट्ट धरली.

तेव्हा आत्यानं चमचा कपावर वाजवला आणि उठली. फावड्यासारखा एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्यानं कपाळावर नसलेली झुलपं उडवली आणि म्हणाली, "आत्या, हा तर तोच आहे! पैज!" गुळणी नाही, सावकाशपणा नाही. माझा आवाज. माझा चिरका, घाईचा, वाक्य संपायच्या आधीच खुश होणारा आवाज, तबेल्यातल्या त्या दिवसाचा, हुबेहूब. मग तिनं मी टोरकेलची नक्कल कशी करते त्याची नक्कल केली. मग मी माल्टेची कशी करते त्याची. लोक हसून भिंतीला टेकले. मी लालेलाल होऊन बशीकडे बघितलं.

केक अजून अर्धा उरला होता. मी आणखी एक घास तोंडात घातला.